चहाच्या कपातला गहू

पहाटे दार उघडले की आपल्याकडे पहिले काम चहाचे आधण ठेवण्याचे. गडी असो, सोयरा असो की वाटेने जाणारा ओळखीचा माणूस असो, पाण्याचा तांब्या आणि मागोमाग चहा हा आपला रिवाज. त्या चहात साखर बेताची आहे का, आले घातले का, यावर आपण बोलतो. पण चहात गहू आहे का, असे कुणी विचारले तर ऐकणारा हसेल. आमच्या गावातल्या एका घरात मात्र गेल्या वर्षी दोन महिने हाच प्रश्न रोज विचारला जात होता, आणि उत्तर सापडले तेव्हा कुणालाही हसू आले नाही. त्या घरच्या मंडळींना विचारूनच हे लिहीत आहे. नावे तेवढी मुद्दाम देत नाही.

अंग न धरणारी मुलगी

त्या घरातली नात आता नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षापासून ती अंग धरीना. हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाला जायची. कुणी जंताचे औषध दिले, कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या, कुणी दृष्ट काढली. रक्त काही वाढेना. बरोबरीच्या मुली उंच झाल्या, आणि हिला दोन वर्षांपूर्वीचा झगा तसाच बसत होता.

आजी म्हणायची, "पोरीला भाकर पचत न्हाई. तिला चपाती द्या, वर तूप वाढा." घरचा बागायती गहू होता. सगळ्यांना भाकरी आणि नातीला चपाती असा क्रम सुरू झाला. मायेने दिलेला तो घासच तिला बाधत होता, हे कुणाच्या ध्यानी यावे?

शेवटी जिल्ह्याच्या गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी रक्ताची एक खास तपासणी करवली. मग दुर्बिणीने लहान आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला आणि रोगाचे नाव सांगितले, सीलिॲक.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातला कस ती शोषून घेते. सीलिॲक झालेल्या माणसाच्या पोटात गहू गेला की शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज चवताळते आणि त्या लवेवर तुटून पडते. लव झडली की कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. मुळ्या तुटलेल्या रोपाला खत घालावे, तशी गत. हा रोग संसर्गाचा नाही, पण रक्ताच्या नात्यात उतरतो. रोग्याचे आईबाप, भावंडे यांत दहातल्या एकाला तो असू शकतो, म्हणून त्यांचेही रक्त तपासून घेतात. पंजाब, हरयाणासारख्या गहू खाणाऱ्या मुलखात तो जास्त आढळतो. आपल्याकडेही आता घरोघर चपाती आली आहे.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय. ओटही त्यांच्या संगतीत पिकतो आणि दळला जातो, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून तोही देऊ नये. आपल्या सुदैवाने ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा ही सगळी धान्ये त्यांना चालतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. आपल्या मुलाची लक्षणे अशीच वाटली तर मनानेच गहू बंद करू नका. गहू खाण्यात असतानाच रक्ततपासणीत हा रोग नीट दिसतो. आधी तपासणी, मग पथ्य.

ग्लुटेन म्हणजे तरी काय?

लहानपणी शेतात कच्चा गहू मूठभर तोंडात टाकून चघळला नाही असा माणूस आपल्यात विरळा. चघळता चघळता त्याची रबरासारखी चिकट गोळी होते. तेच ग्लुटेन. घरीही करून पाहता येते. मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा पाण्यात धूत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात ताणला जाणारा चिवट लगदा उरतो. या चिवटपणामुळेच चपाती पातळ लाटता येते. ज्वारीत तो नाही, म्हणून भाकरी गरम पाण्यात मळून हाताने थापावी लागते.

गव्हाचा आणि या रोगाचा संबंध उघड करण्याचे मोठे श्रेय विलेम डिके या हॉलंडमधल्या बालरोगतज्ज्ञाचे. त्याला महायुद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. त्या उपासमारीत इतर मुले खंगत होती, पण पोटाच्या या विकाराची मुले सुधारली. पाव पुन्हा मिळू लागला तशी ती परत आजारी पडली. डिकेने आपला प्रबंध १९५० साली मांडला आणि तेव्हापासून या पथ्याला पक्का आधार मिळाला.

पुन्हा पोटदुखी

आमच्या गावच्या मुलीने गहू सोडला आणि वर्षभरात तिचे रूप पालटले. वजन वाढले, उंची वाढली, गालावर लाली आली. रक्तातला दोषाचा आकडा खाली आला. घरात सगळ्यांनी हुश्श केले.

गेल्या वर्षी आषाढात तिचे पोट पुन्हा दुखू लागले. श्रावणात शौचाला पातळ होऊ लागले. रक्त तपासले तर आकडा वर चढलेला. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. शोधा."

सूनबाई कष्टाळू आणि चिकाटीची बाई. तिने दळणापासून सुरुवात केली. गिरणीत गव्हाच्या दळणामागून ज्वारी टाकली तर गव्हाचे पीठ त्यात उतरतेच. म्हणून तिने पहिल्यापासूनच माळ्यावरचे जाते खाली काढले होते. मग धान्य पाहिले. रब्बीची ज्वारी आणि गहू एकाच मळणीयंत्रातून निघतात, ज्वारीत गव्हाचे दाणे येतात. तीही ती निवडून, धुऊन, वाळवूनच दळत होती. हिंगाची डबी पाहिली. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. तीही डबी तिने वर्षापूर्वीच बदलली होती. थालीपिठाची भाजणी वेगळी, परात वेगळी, पोळपाट वेगळा. तरी पोट दुखतच होते.

आत्याने आणलेला पुडा

गणपतीला मुलीची आत्या पुण्याहून आली. भाचीसाठी खास चॉकलेटच्या वासाचा चहा घेऊन आली. पुडा देखणा होता, वासही छान. मुलगी खूश झाली. आठ दिवस सगळ्यांनी तोच चहा घेतला. एके दिवशी सूनबाई पुड्याची पाठ वाचू लागली. अक्षरे बारीक आणि इंग्रजी. शाळेत जाणाऱ्या थोरल्या मुलाला तिने हाक मारली. तो एकेक शब्द लावून वाचू लागला, "टी... कोको... बार्ली माल्ट..."

"बार्ली म्हंजे काय रं?"

"जव, आई."

सूनबाईने पुडा तसाच उचलला आणि फडताळात सर्वांत वर ठेवला. नणंद रडवेली झाली. "वहिनी, मला काय ठाऊक? चहात धान्य असतं हे कुणाला सुचावं?"

खरेच, कुणाला सुचावे? चहा म्हणजे एका झुडपाचे पान. ते खुडून, चुरून, आंबवून, वाळवून आपल्यापर्यंत येते. त्यात ग्लुटेन नावालाही नाही. साधी चहा पावडर, मग ती आसामची असो की निलगिरीची, या रोग्यांना चालते. प्रश्न येतो तो त्यात आणखी काही मिसळले की. वेलची, आले, गवती चहा, तुळस, दालचिनी, लवंग यांचे भय नाही. सुवासाच्या अर्कांतही बहुधा ग्लुटेन नसते. भय असते ते माल्टचे आणि भाजलेल्या जवाचे. धान्याला मोड आणून, वाळवून जो गोडसर, खमंग माल तयार करतात त्याला माल्ट म्हणतात, आणि नुसते माल्ट म्हटले की ते बहुधा जवाचे असते. चॉकलेट, कॅरॅमल, बिस्किट, भाजके धान्य अशा चवींच्या चहात ते घालण्याची शक्यता जास्त. दुधात घालायच्या पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पावडरींतही जवाचे किंवा गव्हाचे माल्ट असते.

नावांचा घोळही ध्यानात ठेवावा. जव म्हणजे बार्ली, ते वर्ज्य. जवस म्हणजे अळशी, ती चालते. सातू हे जवाचेच दुसरे नाव, आणि आपल्या घरी करतात त्या सातूच्या पिठात बहुधा गहू असतो, म्हणून तेही वर्ज्य. नाचणीचे माल्ट निव्वळ नाचणीचे असेल तर चालते. माल्टोडेक्स्ट्रिन या शब्दात माल्ट दिसले तरी ते माल्ट नव्हे. बहुधा मक्यासारख्या पिष्टापासून ते करतात, त्याला भ्यायचे कारण नाही. खपली गहू पचायला हलका म्हणून त्याची वाखाणणी होते, पण तोही गहूच.

वहीतली ओळ

पुडा बाजूला झाला, आणि सगळ्यांना वाटले की चोर सापडला. सूनबाईचे समाधान मात्र होईना. ती म्हणाली, "पुडा आला गणपतीत. पोट दुखतंय आषाढापासनं. मग आधीचं दुखणं कशानं?"

हा हिशेब फार मोलाचा. दुखणे कधी सुरू झाले आणि संशयाची वस्तू घरात कधी आली, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की पुष्कळ गोष्टी उलगडतात. पुड्यात दोष होताच, पण सुरुवात त्याची नव्हती.

डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली होती. आठ दिवस मुलीच्या तोंडात जे जाईल ते सगळे लिहायचे, आणि कुणी दिले तेही लिहायचे. मुलीनेच हौसेने ते काम घेतले. चौथ्या दिवशी रात्री सूनबाईने वही उघडली. त्यात एक ओळ होती, 'चार वाजता आजीच्या बशीतला चहा.' आदल्या दिवशीही तीच ओळ. त्याच्या आदल्या दिवशीही तीच.

आजीचे उरलेसुरले दात जेठ महिन्यात काढले होते. भाकरी चावेना, म्हणून दुपारच्या चहाबरोबर ती खारी किंवा टोस्ट बुडवून खायची. उरलेला घोटभर चहा बशीत ओतून नातीपुढे धरायची. रोज, न चुकता. नात शाळेतून यायची ती त्या बशीसाठी. बशीच्या तळाला मैद्याचा गाळ असायचा. आजी चपातीचा तुकडाही नातीला देत नव्हती, पथ्य कसोशीने पाळत होती. बशीतल्या चहात गहू आहे, हे मात्र तिच्या मनातही आले नव्हते.

आपल्याला वाटेल, एवढ्याशा गाळाने काय होणार? तर हिशेब असा आहे. तीस ग्रॅम कणकेच्या एका चपातीत सुमारे दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज फक्त पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होऊ शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे चपातीचा पन्नासावा भाग. तेवढा तर एका बशीच्या तळाशी सहज राहतो. आणि चहा उकळून किंवा गाळून उपयोग नाही. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे की उकळल्यावर मरेल. माल्टचा अर्क तर चहात विरघळलेलाच असतो, तो गाळण्यात अडकत नाही.

सूनबाईला सासूशी हे कसे बोलावे कळेना. दोन दिवस ती गप्प राहिली. मग रात्री भांडी आवरून सासूजवळ बसली आणि वहीतली ओळ वाचून दाखवली. म्हणाली, "आत्याबाई, तुमची चूक न्हाई. आम्हालाच कळलं न्हाई."

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याच हातानं म्हन की." डोळ्याला पदर लावला आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजीने खारीचा डबा मागितला नाही. सकाळची ज्वारीची भाकरी तिने कपात चुरली आणि घटकाभर तशीच मुरू दिली. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही खावा की खारी. बशी तेवढी वेगळी ठेवू." आजी म्हणाली, "नको गं. भाकर मऊ झालीया. आन् पोरीला बशी दिल्याबिगर मला चहा ग्वाड लागत न्हाई."

माघापर्यंत मुलीचे पोट शांत झाले होते. उन्हाळ्यात केलेल्या तपासणीत आकडा पुन्हा खाली आलेला होता. आजी-नातीची चार वाजताची बशी चालूच आहे.

चहा तपासण्याची रीत

ज्यांच्या घरी असे पथ्य आहे त्यांच्यासाठी, आणि पाहुणा म्हणून असा माणूस ज्यांच्या दारी येईल त्यांच्यासाठीही, चार गोष्टी नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, पुड्याचे पुढचे चित्र पाहू नका, पाठ वाचा. घटकांच्या यादीत गहू, जव, राय, ओट, माल्ट, रवा, मैदा, बिस्किट यांपैकी काही असेल तर पुडा परत ठेवा. पुष्कळ पुड्यांवर ही यादी इंग्रजीत असते. व्हीट, बार्ली, राय, ओट्स, माल्ट, सेमोलिना हे सहा शब्द शाळेतल्या मुलाकडून इंग्रजी अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून घ्या आणि बाजाराच्या पिशवीत ठेवा. वाचता येत नसले तरी अक्षरे जुळवून पाहता येतात.

दुसरी गोष्ट, यादीखाली बाधणाऱ्या पदार्थांची वेगळी ओळ असते, तीही पाहा. ग्लुटेन असलेली धान्ये घातली असतील तर तसे पुड्यावर जाहीर करण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. 'गव्हाचा अंश असू शकतो' अशी ओळ असेल तर तो चहा या रोग्याला देऊ नये. 'ग्लुटेनमुक्त' असे छापायचे तर एका किलोत वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात एक ग्रॅम. इतका तो हिशेब काटेकोर आहे.

तिसरी गोष्ट, सुटी चहा पावडर जपून घ्या. वाण्याकडे ज्या मापाने रवा, मैदा काढतात त्याच मापाने चहा काढला तर पान निर्दोष असून उपयोग काय? बंद पुडा बरा. चहाचा मसाला घरीच कुटा. सुंठ, वेलची, दालचिनी, मिरी, लवंग, जायफळ यांना फार खर्च नाही, आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

चौथी गोष्ट, कपाकडे पाहा. टोस्ट, बटर, खारी, बिस्किट बुडवलेला कप किंवा बशी पथ्याच्या माणसापुढे येऊ देऊ नका. त्याचा कप वेगळ्या रंगाचा ठेवला की घरातले पोरही चुकत नाही. साखरेच्या डब्यात पिठाचा चमचा बुडवू नका. बाहेरगावी जाताना आपला पेला बरोबर असावा. स्टँडवरच्या यंत्राच्या चहाची पावडर तयार मिश्रणाची असते. त्यात काय आहे हे कळले नाही तर तो न घेतलेला बरा.

काहींना शंका येते की गवती चहा हे गव्हाच्याच कुळातले गवत, मग तो चालतो का? चालतो. ग्लुटेन दाण्यात असते, पानात नसते. गव्हांकुराचा रस मात्र टाळावा, कारण कोंबाबरोबर दाणा येण्याची भीती असते. शेतात शेकोटीवर भाजलेल्या गव्हाच्या ओंब्या नकोत, ज्वारीचा हुरडा खुशाल द्यावा. सणाच्या दिवशी सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, तेव्हा वरईचा किंवा तांदळाच्या रव्याचा वेगळा करावा. आपला उपवासाचा फराळ तर बहुतेक सगळाच या पथ्यात बसतो.

आणि शेवटी पाहुणचाराविषयी. पथ्याच्या माणसाने "नको" म्हटले की आपल्याला राग येतो. "एका घोटाने काय होतंय? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय?" असे आपण म्हणतो. त्या आग्रहापायी ती मुले खोटे बोलायला शिकतात किंवा मुकाट्याने खाऊन आजारी पडतात. त्यापेक्षा विचारावे, "बाळ, तुला काय चालतं?" आणि त्याच्यासाठी धुतलेल्या पातेल्यात, साध्या पावडरीचा, आले ठेचून चहा टाकावा. आजवर आपण पाहुण्याला साखर किती म्हणून विचारत आलो, त्यात हा एक प्रश्न वाढला तर बिघडले कुठे?